पाहुण्याच्या दारावर केराची पाटी कोण लावतं?

प्रिय ताई,

आम्ही मागच्या मे महिन्यात नाशिकहून स्टुटगार्टला आलो. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे, मी सध्या घरी, जर्मन शिकते आहे. चार मजल्यांची इमारत, आठ बिऱ्हाडं. संक्रांतीला चार मैत्रिणींना हळदीकुंकवाला बोलावलं, म्हणून दाराबाहेर रांगोळी काढली आणि मधोमध स्वस्तिक. समोरच्या आजी बाहेर आल्या, रांगोळीकडे बघून त्यांचा चेहराच उतरला आणि एक शब्द न बोलता त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी घरमालकांचा फोन आला. नवऱ्याने ओल्या फडक्याने रांगोळी पुसून टाकली. सणाची रांगोळी अशी पुसली गेली, तेव्हा मला रडू आवरेना.

शिवाय दर काही आठवड्यांनी आमच्या दारावर जिना झाडायची पाटी लटकवतात, तोही अपमानच वाटतो. रस्त्यावर खांबाखांबावर निवडणुकीच्या पाट्या आहेत. एका पक्षाच्या पाट्या वाचून पोटात गोळा येतो. नवरा म्हणतो, आपण इथे पाहुणे आहोत, काम करावं, कर भरावा, बाकी नाक खुपसू नये. पण मला रोज जिथे राहायचं तिथलं काहीच कळत नाही, हे सहन होत नाही. मी काय करू?

— स. कु., स्टुटगार्ट

प्रिय स.,

तू मला ताई म्हणालीस, तर मीही तुला तू म्हणते. तुझं पत्र दोनदा वाचलं. रांगोळी पुसली जाताना तुला काय झालं असेल ते मला कळतं. इथे येऊन मला चोवीस वर्षं झाली, त्यातली पहिली दोन मी अशीच काढली. शेजारच्याच्या चेहऱ्यावर आठी दिसली की माझं काय चुकलं हे शोधत दिवस जायचा.

आधी रांगोळीचं बोलू, कारण दुखतंय ते तिथे.

आपलं स्वस्तिक आणि नाझींची खूण यांना जर्मन माणूस एकाच नावाने ओळखतो, हाकेनक्रॉइत्स, म्हणजे वाकड्या टोकांचा क्रूस. स्वस्तिक हा शब्द त्याच्या बोलण्यात नसतोच. शाळेत, वस्तुसंग्रहालयात, आजीआजोबांच्या बोलण्यात ती आकृती त्याने एकाच संदर्भात पाहिलेली असते. तुझ्या समोरच्या आजी ऐंशीच्या असतील तर त्यांचा जन्म युद्धाच्या अखेरीचा. त्यांनी स्वतः फार पाहिलं नसेल, पण त्यांच्या घरात कोणीतरी मारलं गेलं असेल किंवा कोणीतरी मारण्यात सामील असेल. इथे अनेक घरांत दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जड असते आणि तिच्यावर बोललं जात नाही.

एखाद्या शनिवारी स्टुटगार्टच्या नॉर्डबानहोफ स्टेशनाकडे जा. 1 डिसेंबर 1941 ला तिथल्या रुळांवरून सुमारे हजार ज्यूंना लाटव्हियातल्या रिगाला नेलं, त्यांतले फार थोडे परत आले. आता तिथे स्मारक आहे. जुने रूळ तसेच ठेवलेत आणि भिंतीवर दोन हजारांहून जास्त माणसांची नावं आहेत, या शहरातून आणि आसपासच्या गावांतून नेलेल्यांची. रस्त्याने चालताना फरशीत बसवलेले तळहाताएवढे पितळी चौकोनही तू पाहिले असशील. दहा सेंटिमीटर लांबीरुंदीचे, वर नाव, जन्मसाल, कुठे मारलं गेलं ते. तो माणूस स्वतःच्या मर्जीने शेवटचा जिथे राहिला त्या घरासमोर ते बसवतात. त्याला श्टॉल्परश्टाइन म्हणतात, ठेच लागण्याचा दगड. ते वाचून ये, म्हणजे आजींनी दार का लावलं हे मी वेगळं सांगायला नको.

कायद्याचंही सांगते, कारण नवरा घाबरला असेल. इथल्या फौजदारी कायद्याच्या कलम 86अ खाली नाझींच्या खुणा लोकांसमोर मांडणं हा गुन्हा आहे, दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. कायद्याचा रोख त्या पक्षाच्या चिन्हांवर आहे, देवघरातल्या स्वस्तिकावर नाही. घरातला कलश, चौरंग, पूजेची वही, देव्हाऱ्याची चौकट यांना हात लावू नकोस. पण जिना, दाराची बाहेरची बाजू, बाल्कनीचा कठडा, गाडी या सगळ्यांच्या नजरेतल्या जागा. तिथे अर्थ तुझ्या मनातला धरला जात नाही, बघणाऱ्याच्या मनातला धरला जातो. नवी गाडी घेतलीत तर पूजा जरूर करा, पण बॉनेटवर कुंकवाने काढलेलं स्वस्तिक पुसल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नका. मुंजीच्या पत्रिका ऑफिसात वाटतानाही हे लक्षात ठेवा. दाराबाहेर ज्ञानकमळ काढ, लक्ष्मीची पावलं काढ, गोपद्मं काढ. यात तू काही सोडलंस असं मला वाटत नाही. आपल्याकडेही शेजारी सुतक असेल तर आपण दारात तोरण बांधत नाही, ना?

आजींकडे मात्र जा. रथसप्तमी होऊन गेली असली तरी तिळगूळ चालतो. जाताना एकच चूक टाळ. आपल्यातले पुष्कळ लोक अशा वेळी सुरू होतात की हे चिन्ह आमचं, हजारो वर्षांचं, तुमच्या लोकांनी चोरलं. खरं आहे, पण दारात उभं राहून पहिल्याच वाक्यात म्हणायचं ते नव्हे. आधी म्हण, ‘एस टूट मिअर लाइड’, मला वाईट वाटतं. मग, ‘दास इस्ट बाय उन्स आइन आल्टेस ग्ल्युक्सत्साइखन’, आमच्याकडे हे जुनं शुभचिन्ह आहे. आणि थांब. पुढचं त्यांना बोलू दे. बोलल्या नाहीत तरी तिळगुळाची वाटी ठेवून ये, आणि त्यात शेंगदाणे आहेत हे न विसरता सांग. कित्येकांना ते चालत नाहीत.

आता तुझ्या दारावरच्या पाटीकडे येते. माझं खरं म्हणणं तिथेच आहे.

त्या पाटीला केरवॉखे म्हणतात, झाडण्याचा आठवडा. केर हा शब्द ऐकून मला पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी मराठीच बोललं. इथल्या श्वाबेन प्रांतातली ही चाल फार जुनी आहे. आपल्या दारापुढची घाण आपणच काढावी असे स्टुटगार्टच्या कारभाराचे नियम पंधराव्या शतकापासूनचे. माझ्या दारावर ती पाटी पहिल्यांदा लागली तेव्हा मी तुझ्यापेक्षा जास्त चिडले होते. मनात आलं, काळ्या माणसाच्या हातात झाडू दिला. मी आठवडाभर जिना झाडला नाही. पुढच्या आठवड्यात पाटी वरच्या मजल्यावर गेली. तिथल्या बाई सत्तरीच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या गुडघ्यांवर बसून आधी माझ्या आठवड्याचा आणि मग त्यांच्या आठवड्याचा जिना पुसत होत्या. मी दार किलकिलं करून बघत होते आणि जागच्या जागी खिळले.

स., पाहुण्याला आपण झाडू देतो का? पाहुण्याला पाट मांडतो, पाणी देतो आणि तो कधी निघणार याचा अंदाज घेतो. ज्या दिवशी तुझ्या दारावर ती पाटी लागली, त्या दिवशी इमारतीने तुला घरातलं माणूस धरलं. नवऱ्याच्या ‘आपण पाहुणे’ला माझं हे उत्तर आहे. हवं तर त्याला हा परिच्छेद वाचून दाखव.

पाहुणा या शब्दाचा या देशात मोठा इतिहासही आहे. युद्धानंतर कारखान्यांना माणसं कमी पडू लागली तेव्हा पश्चिम जर्मनीने 1955 मध्ये इटलीशी आणि 1961 मध्ये तुर्कस्तानाशी कामगार आणण्याचे करार केले. त्या माणसांना नाव दिलं गास्टआरबायटर, पाहुणे कामगार. 1964 मध्ये दहा लाखावा पाहुणा आला, तेव्हा स्टेशनवर बँड वाजवून त्याला मोपेड भेट दिली. 1973 पर्यंत साधारण 1 कोटी 40 लाख लोक आले आणि त्यांतले 1 कोटी 10 लाख परत गेले. जे राहिले त्यांना मात्र अनेक वर्षं दोन्ही बाजूंनी पाहुणेच धरलं. सरकारने त्यांना भाषा शिकवायची गरज मानली नाही, कारण हे जाणार. त्यांनीही शिकली नाही, कारण आम्ही जाणार. मुलं इथल्या शाळांत गेली आणि आईवडील पालकसभेत मुके बसले. या गैरसमजाची किंमत आज त्यांची नातवंडं देताहेत. नवऱ्याच्या कंपनीत अशा घरातला कोणीतरी नक्की असेल. त्याच्याशी एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलायला सांग.

आणि हे बघ. आपल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याची निवडणूक 8 मार्च 2026 ची, खांबांवरच्या पाट्या तिच्याच. मुख्यमंत्रिपदासाठी हिरव्या पक्षाने उभा केलेला उमेदवार जेम ओझदेमीर, 1965 मध्ये बाड उराखला जन्मलेला, तुर्की कामगारांचा मुलगा. त्याला मत द्यावं की नाही हे मी सांगत नाही आणि तुला मत नाहीच. ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचा उमेदवार वेगळा, इतरांचे वेगळे. पण ज्याच्या आईवडिलांना देश पाहुणे म्हणत होता, तो त्या निवडणुकीत राज्य चालवायला मागतो, हे डोळ्यांसमोर असताना पाहुणेपण कवटाळून बसायचं कशाला?

ज्या पाट्या वाचून तुझ्या पोटात गोळा येतो त्यांबद्दल मी गोड बोलणार नाही. फेब्रुवारी 2025 च्या देशाच्या निवडणुकीत त्या पक्षाला, स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या आ-एफ-डे ला, 20.8 टक्के मतं पडली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर आला. पूर्वेकडच्या पाचही राज्यांत तो पहिला होता. भीती वाटणं साहजिक आहे. पण आकडा उलटाही वाच. पाचांतल्या चार जणांनी त्यांना मत दिलं नाही, आणि संसदेतल्या बाकी पक्षांनी त्यांच्याशी सरकार करायचं नाही असं ठरवलं आहे. त्याला इथे ब्रांडमाउअर म्हणतात, आग अडवणारी भिंत. भिंत किती टिकेल यावर रोज वाद चालतो. 29 जानेवारी 2025 ला स्थलांतरावरचा एक ठराव त्या पक्षाच्या मतांनी पुढे गेला, तेव्हा लाखो लोक थंडीत रस्त्यावर उतरले. त्याआधी जानेवारी 2024 मध्येही उतरले होते. त्यांतल्या एका दिवशी आपल्या श्लॉसप्लाट्झ चौकात मीही होते. माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते. त्या दिवसापासून बसमध्ये कोणी रोखून बघितलं तर मला ते आजोबाही आठवतात.

रोखून बघण्यावरून आणखी एक. इथे पुष्कळ लोक रोखूनच बघतात, एकमेकांकडेही. रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला गेलीस आणि कोणी ओरडलं, तर तो तुझ्या रंगावर ओरडलेला नसतो. रविवारची शांतता इथल्या राज्यघटनेत आहे. वायमार काळाच्या, म्हणजे हिटलरच्या आधीच्या, घटनेतलं कलम 139 आजच्या घटनेच्या कलम 140 ने जसंच्या तसं चालू ठेवलं आहे, रविवार हा कामापासून विश्रांतीचा दिवस. म्हणून दुकानं बंद, म्हणून भिंतीला भोक पाडायचं नाही. रात्री दहा ते सकाळी सहा हेच. मिक्सरवर चटणी वाटायची असेल तर रविवारी पाटा काढ, किंवा शनिवारीच वाटून ठेव.

प्रत्येक घराकडून महिन्याला 18.36 युरो आकाशवाणी-दूरचित्रवाणीचे घेतात, त्यावरही नवे लोक चिडतात, आम्ही तर बघतच नाही म्हणून. हिटलरच्या काळात रेडिओ सरकारच्या मुठीत होता. तसं पुन्हा होऊ नये म्हणून लोकांनी थेट पैसे द्यायचे आणि सरकारने दूर राहायचं, अशी ही घडी आहे. पैसे देतेच आहेस तर रोज रात्री आठच्या पंधरा मिनिटांच्या बातम्या बघ. जर्मन सुधारेल आणि खांबावरचे चेहरे ओळखू येतील. यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की इथे जिना, कचऱ्याचे डबे, रविवार, रेडिओ, मतपेटी या वेगवेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच आपत्तीतून उठलेल्या लोकांनी पुन्हा तसं होऊ नये म्हणून घातलेली ही घडी आहे. जिना आणि रविवार त्याहून जुने, पण ‘ही जागा सगळ्यांची’ हे वाक्य त्यांतही तेच.

मग मत नसताना तू काय करायचं? नवऱ्यापासून सुरू करते. त्याला वाटतं आपल्याला इथे कुठलंच मत नाही. हे खरं नाही. कंपनीत बेट्रीब्सराट, म्हणजे कामगार-कर्मचाऱ्यांची निवडलेली समिती असेल, तर तिच्या निवडणुका दर चार वर्षांनी मार्च ते मे दरम्यान होतात, आणि 2026 हे त्याचं वर्ष आहे. सोळा वर्षांवरचा प्रत्येक कर्मचारी मत देऊ शकतो. पासपोर्ट कोणी विचारत नाही. सहा महिने नोकरी झालेला अठरा वर्षांवरचा माणूस उभाही राहू शकतो. गाड्यांच्या धंद्यात सध्या इथे कपातीचं वारं आहे हे तुम्हाला माहीतच असेल. कोणाला काढायचं, कोणाला किती भरपाई द्यायची, या बोलण्यात ती समिती समोर बसते. नाक खुपसायचं नाही म्हणणाऱ्याचं नाक तिथेच कापलं जाऊ शकतं. त्याला मत द्यायला लाव.

तुझ्यासाठी: मूल शाळेत गेलं की वर्गाच्या पालक-प्रतिनिधीची निवड होते, तिथे मत देता येतं आणि उभंही राहता येतं. आरोग्य विमा आणि निवृत्तिवेतनाच्या मंडळांवर विमेदार प्रतिनिधी निवडतात, तिथेही नागरिकत्व लागत नाही. ती निवडणूक 2023 मध्ये झाली, पुढची 2029 मध्ये. संसदेकडे अर्ज करण्याचा हक्क घटनेच्या कलम 17 ने प्रत्येकाला आहे, फक्त जर्मनांना नाही. भाडेकरूंच्या संघटनेचं सभासद व्हा, वर्षाचे पैसे फार नसतात आणि घरमालकाचा पुढचा फोन आला तर कोणाला विचारायचं हे ठरलेलं असेल. नोंदवलेल्या, शांत मोर्चाला गेलीस म्हणून व्हिसा जात नाही. फक्त तोंड झाकायचं नाही, आणि अर्थ न कळता कोणाच्या मागून घोषणा द्यायची नाही. काही घोषणा इथे गुन्हा आहेत.

नाशिकच्या मताचंही विसरू नकोस. पासपोर्ट भारताचा आहे तोवर परदेशी मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला केंद्रावर प्रत्यक्ष जावं लागतं. बहुतेकांचं ते जमत नाही, म्हणजे तिथे आहे पण देता येत नाही आणि इथे देता येईल पण नाही, अशी काही वर्षं जातात. जून 2024 पासून इथलं नागरिकत्व पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर मागता येतं. भाषा बी-1, म्हणजे मधल्या पातळीची, आणि 33 प्रश्नांची परीक्षा, त्यात 17 बरोबर यावे लागतात. जर्मनी आता दोन पासपोर्ट चालवून घेते, भारत नाही. तेव्हा भारताचा पासपोर्ट परत करून ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचं, कार्ड घ्यावं लागतं. हा निर्णय आजच घेऊ नकोस. आईवडील, शेती, मनाची तयारी, सगळं त्यात येतं, आणि आठ महिन्यांत कोणाचीच ती तयारी होत नाही. मला अकरा वर्षं लागली. पण एक लक्षात ठेव. त्या अर्जासोबत नाझी राजवटीबद्दलची जर्मनीची विशेष ऐतिहासिक जबाबदारी आणि ज्यूंच्या जीवनाचं रक्षण मान्य असल्याचं लिहून द्यावं लागतं. म्हणजे समोरच्या आजींशी होणारं तुझं बोलणं हा त्याच कागदाचा पहिला मसुदा आहे.

तुझ्या पत्रात एक वाक्य होतं, ‘रोज जिथे राहायचं तिथलं काहीच कळत नाही, हे सहन होत नाही.’ हे सहन न होणं जपून ठेव. ज्यांना ते सहन होतं ते वीस वर्षं राहतात आणि त्यांना फक्त विमानतळ आणि भारतीय दुकान माहीत असतं. अशी माणसं मी पाहिली आहेत, चांगली माणसं आहेत. पण त्यांची मुलं घरी जेवताना इथल्या गोष्टी बोलत नाहीत, कारण आईवडिलांना कळणार नाहीत हे त्यांना माहीत असतं.

मुंबई आणि स्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत, त्यामुळे नगरपालिकेत महाराष्ट्राचं नाव अगदीच नवं नाही. नव्यांसाठी मदतकक्ष आहे, भाषेचे स्वस्त वर्ग लोकविद्यालयात, फोल्क्सहोखशूलमध्ये, असतात. तू शिकतेच आहेस, सोडू नकोस. वर्गात तुला सीरियाची, युक्रेनची, तुर्कस्तानची बाई भेटेल, आणि तुझं जर्मन सुधारेल ते त्यांच्याशी बोलून, कारण तिघींनाही चुकायची लाज वाटणार नाही.

पुढच्या वेळी दारावर पाटी लागली की जिना शनिवारी संध्याकाळच्या आत झाडून, पुसून घे. कठड्यावरूनही फडकं फिरव, इथे ते बघतात. मग पाटी उचलून समोरच्या आजींच्या दारावर लाव आणि लावण्याआधी बेल वाजव.

तुझी,
ताई